वजन नसलेला दगड

साशंक : माइनक्राफ्टमध्ये कमान बांधायला सेंटरिंग लागत नाही. माझं पहिलं भांडण इथेच आहे. तीस वर्षं मी साइटवर काढली. कमान उभी करायची तर आधी खाली फळ्यांचा आणि बल्ल्यांचा साचा उभा राहतो. दोन्ही बाजूंनी दगड चढत येतात, मधला शेवटचा दगड बसतो, आणि मग साचा काढताना गवंडी श्वास रोखून उभा असतो. तुमच्या खेळात दगड हवेत सोडला तर हवेतच राहतो. झाडाचं खोड बुंध्याशी तोडलं तरी शेंडा जागचा हलत नाही. वाळू, खडी अशा दोन-चार गोष्टी तेवढ्या खाली पडतात, बाकी सगळं अधांतरी. चाळीस जणांनी वर्षभर राबून शहर बांधलं, असं तू मला सांगतेस तेव्हा मला खरंच कळत नाही की तुम्ही नक्की काय केलंत. बांधकामावर माणसं एकत्र येतात ती हौसेनं नाही. एकट्याला उचलत नाही म्हणून येतात. ज्याला वजनच नाही, ते उचलायला दुसरा माणूस कशाला हवा?

उत्साही : काका, वजन नाही हे कबूल. पण एकट्याला उचलत नाही, हे तिथेही तितकंच खरं आहे. हिशेबच मांडते. खेळाचा एक प्रकार असा आहे की त्यात सगळं सामान स्वतः मिळवावं लागतं. त्यात शंभर ब्लॉक लांब, वीस उंच आणि दोन जाड अशी साधी तटाची भिंत घ्या. एक ब्लॉक म्हणजे एक घनमीटर. झाले चार हजार ब्लॉक. लोखंडी टिकाव अडीचशे घावांनंतर मोडतो, म्हणजे नुसतं खणायलाच सोळा टिकाव हवेत. खणून निघतो तो ओबडधोबड दगड. घडीव विटा हव्या असतील तर तो आधी भट्टीत भाजावा लागतो. एका दगडाला दहा सेकंद. एकाच भट्टीवर चार हजार दगड भाजायचे तर अकरा तास जातात, आणि एका कोळशावर आठ दगड या मापानं पाचशे कोळसे. सगळ्यात मोठ्या पेटीत ३,४५६ ब्लॉक मावतात, म्हणजे ही एवढी भिंत एका पेटीतही बसत नाही. बुरूज, दरवाजा, जिने अजून बाकीच आहेत. मग आपोआप कामं वाटली जातात. एक जण खाणीत उतरतो, एक जण भट्ट्यांची रांग सांभाळतो, एक जण गहू पिकवतो, कारण खणणाऱ्याला भूक लागते. आणि भट्टीवर बसायला कुणालाच आवडत नाही, काका! पाळ्या लावाव्या लागतात. पाळी चुकवणारा असतो, आणि त्याच्या वाटणीचं मुकाट्यानं करणारीही असते. ती मुकाट्यानं करणारी बहुतेक वेळा एकच असते, आणि हे इतरांच्या लक्षात यायला महिना जातो.

साशंक : भट्टीवरच्या त्या मुलीला मी ओळखतो. प्रत्येक साइटवर ती असते. पण तू मला सोयीचा हिशेब दाखवलास. मोठ्या कामांना तुम्ही ही पद्धत वापरतच नाही. तिथे सामान फुकट आणि अमर्याद असतं. वर ते वर्ल्डएडिट नावाचं अवजार आहे : हातात लाकडी कुऱ्हाड घ्यायची, एका कोपऱ्यावर मारायची, समोरच्या कोपऱ्यावर मारायची, एक आज्ञा टाइप करायची. तुझी चार हजार ब्लॉकांची भिंत डोळ्याचं पातं लवायच्या आत उभी. एक बुरूज नीट झाला की तोच उचलून दहा ठिकाणी डकवायचा. श्रम संपले, भट्टी संपली, पाळ्या संपल्या. मग ते चाळीस जण तिथे करतात काय?

उत्साही : एकमेकांशी जुळवून घेतात. मला तरी खरं बांधकाम तेच वाटतं. एक प्रसंग सांगते. आम्ही नऊ जण एक मोठा वाडा बांधत होतो. चार जणांनी पूर्वेची बाजू घेतली, पाच जणांनी पश्चिमेची. दोन्ही बाजू सुंदर झाल्या. मधला चौक जोडायची वेळ आली तेव्हा कळलं की पूर्वेची रुंदी १७ ब्लॉक आहे आणि पश्चिमेची १८. ऐकायला फरक एका ब्लॉकचा. पण १७ला मधोमध एक ब्लॉक येतो, १८ला येत नाही. १७च्या भिंतीत दरवाजा बरोबर मध्यावर बसतो, कमानीला टोक येतं, घुमटाला एकच शिखर मिळतं. १८च्या भिंतीत मध्यावर दोन ब्लॉकमधली फट असते, म्हणून तिथे सगळं जोडीजोडीनं करावं लागतं. सम आणि विषम समोरासमोर आले की दरवाजे एकमेकांकडे तिरके बघतात. त्यावर दोन्ही बाजूंच्या जोत्याची उंचीही एका ब्लॉकनं चुकलेली. जोतं लपवता आलं. अर्ध्या उंचीचा ब्लॉक मिळतो, त्याला स्लॅबच म्हणतात, तो मध्ये घालून पायरी केली. रुंदीला तसा अर्धा ब्लॉक नाही. एका बाजूनं आपली भिंत पाडायला हवी होती. तुमच्या त्या अवजारानं ती अर्ध्या मिनिटात पडली असती. आम्हाला अकरा दिवस लागले. तीन जण तेवढ्यात बोलेनासे झाले. शेवटी पश्चिमेच्या मुलानं आपण होऊन भिंत पाडली आणि दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता पुन्हा १७ची बांधली. त्या अकरा दिवसांत दगडाला वजन नव्हतं, हे खरं. वजन दुसऱ्या कशाला तरी होतंच.

ही सम-विषमची अडचण बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण ब्लॉकांनी बांधणाऱ्या प्रत्येक गटाला ती कधी ना कधी ठेच लावतेच. म्हणूनच अनुभवी गट पहिला ब्लॉक ठेवण्याआधी अक्ष ठरवतात, रुंदी विषमच ठेवायची असा नियम करतात, कोणते दगड कुठे वापरायचे याचा एक नमुना-तुकडा बांधून ठेवतात आणि नव्या माणसाला आधी त्या तुकड्यासमोर उभं करतात. खऱ्या साइटवर ओळंबा आणि गुण्या जे काम करतात, ते इथे अशा नियमांना करावं लागतं. साशंकाला हे साम्य दिसलं. त्यानं ते मान्यही केलं. पण त्याचा पुढचा आक्षेप त्यातूनच निघाला.

साशंक : तुझी गोष्ट मला आवडली. पण समज, त्या मुलानं भिंत पाडली नसती तर? तो उठून गेला असता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सर्व्हरवर त्यानं आपला १८चा वाडा बांधला असता, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभा तू बघितल्या आहेस. सात वर्षं चालल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना लिफ्ट हवी होती, तळमजल्यावरच्या दुकानदाराला रस्त्याकडचं तोंड सोडायचं नव्हतं, आणि कुणालाही उठून जाता येत नव्हतं, कारण प्रत्येकाची आयुष्यभराची कमाई त्याच चार भिंतींत होती. तिथे जुळवून घेणं म्हणजे रक्त आटवणं. सोडून जाणं फुकट असेल तिथे राहणं हा मोठेपणा असेल, पण त्याला मी नागरिक होण्याचं शिक्षण म्हणणार नाही. आणि सभा तरी कुठे असते तुमच्याकडे? सर्व्हर ज्याचा, त्याचा शब्द शेवटचा. अर्ज करा, नमुना बांधून दाखवा, मंजुरी मिळाली तर आत या. हे गावापेक्षा मुकादमाच्या कारभाराच्या जवळचं आहे.

उत्साही : मुकादमी असते. नाकारत नाही. पण ज्यांना उठून जाता येत नाही अशा माणसांनीही हेच ब्लॉक वापरलेत, त्याचं काय? २०१२ साली हा खेळ बनवणारी मोजांग कंपनी आणि संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट ही संस्था एकत्र आली आणि ब्लॉक बाय ब्लॉक नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याच्याही आधी स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला होता. १९६५ ते १९७४ या काळात तिथे सरकारी योजनेतून दहा लाख घरं बांधली गेली. त्या वस्त्या आता जुन्या झाल्या होत्या. त्यांची दुरुस्ती कशी हवी, हे रहिवाशांनी माइनक्राफ्टमध्ये बांधून दाखवावं, अशी कल्पना निघाली. पुढे नैरोबीच्या किबेरा झोपडपट्टीत एका मैदानावर हेच करून बघितलं. नेपाळमध्ये कीर्तिपूरला एका जुन्या तळ्याच्या काठाची आखणी म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी शेजारी बसून केली. व्हिएतनाममध्ये हनोईजवळ मुलींनी शाळेच्या वाटेवर कुठे भीती वाटते आणि दिवा कुठे हवा, ते ब्लॉकांत मांडलं. एका संगणकावर दोघं-चौघं बसतात, आधी जागा आहे तशी दिसते, मग हवी तशी करायची, आणि शेवटच्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर ती उभी करायची. ही माणसं सर्व्हर सोडून कुठे जाणार? तळं त्यांच्या दारातच आहे.

साशंक : इथे मला माझीच एक चूक आठवते, ती सांगतो. एका वस्तीच्या कामात आम्ही रहिवाशांना नकाशा दाखवायला गेलो होतो. एक बाई सगळ्यात पुढे बसली होती. मी बोट फिरवत सांगत होतो, ही तुमची खोली, हा पॅसेज, ही मोरी. ती मान हलवत होती. सही झाली, काम झालं, चावी दिली. खोलीत शिरताच ती म्हणाली, दार उघडलं की मोरी दिसते हो, पाहुण्यासमोर कसं चालेल? नकाशात ते होतंच. मला दिसत होतं, तिला दिसत नव्हतं, आणि तिनं विचारलं नाही, कारण समोर साहेब उभा होता. तिला जर त्या खोलीत आधीच चालून बघता आलं असतं, ती भिंत स्वतःच्या हातानं दोन फूट सरकवता आली असती, तर ती बोलली असती. तुमच्या ब्लॉकांचं हे मोल मी मानतो. नकाशा वाचायला शिकावं लागतं, ब्लॉकमधून नुसतं चालत जाता येतं. पण मग खेळाचं कौतुक कर, एकत्र बांधण्याचं नको. किबेरात ब्लॉक म्हणजे पेन्सिल होती. मैदान नंतर खऱ्या सिमेंटनं, खऱ्या पैशानं झालं. शेवटचा शब्द कचेरीचा होता.

उत्साही : पेन्सिल सगळ्यांच्या हातात एकाच वेळी होती, हा फरक छोटा आहे का?

साशंक : छोटा नाही. पण तू सांगितलेली उदाहरणं म्हणजे एक मैदान, एक तळं, शाळेची एक वाट. प्रत्येक जागा अशी की बांधणारी माणसं तिथलीच होती. तुम्ही जे भव्य म्हणून मिरवता ते याच्या अगदी उलट असतं. अख्खी पृथ्वी एकास एक मापात बांधायची, हे कोणी ठरवलं? आणि त्या पृथ्वीवर राहणाऱ्यांना कोणी विचारलं?

उत्साही : बिल्ड द अर्थ. मार्च २०२०मध्ये एका यूट्यूबरनं हाक दिली. जग तेव्हा घरात कोंडलेलं होतं, आणि हजारो माणसं आली. देशोदेशींचे गट झाले, भारताचाही आहे. खेळात मुळात एवढी उंचीच नव्हती, म्हणून उंचीची मर्यादा काढून टाकणारं एक जोडकाम वापरलं. दुसरं जोडकाम उंचीच्या नोंदींवरून जमीन उठवतं आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून रस्ते आखतं. गोल पृथ्वी सपाट जगात पसरायची तर आकार बिघडतात, म्हणून अमेरिकी वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या नकाशाचा एक सुधारलेला प्रकार घेतला. जमीन यंत्र देतं. घरं मात्र माणसांनीच बांधायची. याचं मोल कळण्यासाठी डेन्मार्क बघा. २०१४मध्ये तिथल्या सरकारी भूमापन खात्यानं सगळा देश एकास एक मापात माइनक्राफ्टमध्ये उतरवला : सुमारे चार लाख कोटी ब्लॉक, एक टेराबाइट. तो हातानं बांधलेला नव्हता, खात्याच्या नोंदींतून यंत्रानं काढला होता. आणि तो मावला, कारण डेन्मार्कचं सर्वांत उंच ठिकाण जेमतेम १७१ मीटर आहे आणि खेळाची उंची तेव्हा २५६ होती. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. आजच्या वाढवलेल्या मर्यादेतही ते मावत नाही.

साशंक : आणि त्या डेन्मार्कचं काय झालं, तेही सांग.

उत्साही : काही आठवड्यांतच काही खेळाडूंनी थोडा भाग उडवून दिला आणि तिथे अमेरिकेचे झेंडे रोवले. खात्यानं सुरुंग बंद केले होते. सुरुंग भरलेली रुळावरची गाडी बंद करायची राहून गेली होती.

साशंक : मला त्या पोरांचा राग येत नाही. त्यांना ते कुणाचं आहे हेच जाणवलं नाही. यंत्रानं उठवलेला देश, आत कुणाचा हात नाही. जिथे हात लागलेला नसतो तिथे हात आवरतही नाही.

उत्साही : म्हणूनच हातानं बांधणं महत्त्वाचं ठरतं. सह्याद्री घ्या. आपल्याकडच्या सर्वांना खुल्या असलेल्या उंचीच्या नोंदी मुख्यतः फेब्रुवारी २०००मधल्या अंतराळयानाच्या उड्डाणातून आल्या आहेत. साधारण तीस-तीस मीटरवर एक नोंद. दोन नोंदींच्या मधला कडा त्यात उतार होऊन जातो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर नोंदीत येऊच शकत नाही. तिथे एका जागेला एकच आकडा असतो, आणि कोकणकडा आत वळलेला आहे, वरचा दगड खालच्या पोकळीवर पुढे आलेला. यंत्राला तो घसरगुंडीसारखा दिसतो. कड्यावर पालथं पडून खाली बघितलेला माणूस बसला तरच तो कोरला जाईल. एका माणसाला एक बाजू आठवते, दुसऱ्याकडे पावसाळ्यातले फोटो असतात, तिसरी खालच्या गावाकडून त्याच्याकडे बघत मोठी झालेली असते. तिघं मिळून तो आत वळवतात. आणि तिथेच, काका, तुमचा वजन नसलेला दगड कामाला येतो. वजन असतं तर तो पोकळ कडा कुणालाच बांधता आला नसता.

यावर साशंक बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं विषय एकदम दुसरीकडे नेला, निदान ऐकणाऱ्याला तसं वाटलं.

साशंक : रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. गड बांधायला किती हात लागले असतील, त्यांतलं आपल्याला माहीत असलेलं नाव ते एक. माझ्या इमारतींवर तर गवंड्याचं नाव सोड, माझंही नाही. बिल्डरचं आहे. तुमच्यात हे बदललं आहे का? तुम्ही सांगता की सर्व्हरवर प्रत्येक ब्लॉकची नोंद राहते. कोणी ठेवला, कधी ठेवला, कोणी काढला.

उत्साही : हो, तशी नोंदवही ठेवणारं अवजार बहुतेक मोठ्या सर्व्हरवर असतं. कुणी मोडतोड केली तर तेवढ्याच माणसाचे, तेवढ्याच वेळातले बदल उलटे फिरवता येतात. मला त्यात पाळत दिसत नाही. भट्टीवर बसलेल्या मुलीचं नाव तिथे असतं, हे मला दिसतं.

साशंक : असतं, पण वाचतं कोण? नोंदवही चोर पकडायला उघडतात. रांधणाऱ्याचं नाव बघायला कुणी उघडत नाही. बरं, पैशाचंही बघ. २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टनं हा खेळ अडीचशे कोटी डॉलरला घेतला. २०२३पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या. लोक त्याकडे ओढले जातात ते तुमची शहरं आणि गड बघून. बांधणाऱ्याला त्यातलं काय मिळतं?

उत्साही : मोबदला घेऊन बांधणारेही आहेत. पत्रकारांसाठी झटणाऱ्या रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेनं मार्च २०२०मध्ये माइनक्राफ्टमध्ये एक ग्रंथालय उघडलं. ज्या देशांत लेखांवर बंदी आहे तिथल्या मुलांना खेळाच्या आडून ते वाचता यावेत म्हणून. ब्लॉकवर्क्स या व्यावसायिक गटानं ते बांधलं : सोळा देशांतले चोवीस जण, सव्वा कोटी ब्लॉक. खांब, घुमट, दालनं, सगळं भव्य. पण खरं सांगू? मला ते बघताना १७-१८ची आठवण येत नाही. तिथे आराखडा आधी ठरला होता. माझी ओढ त्या अकरा दिवसांकडेच आहे, आणि त्या दिवसांचे पैसे मला नको आहेत.

साशंक : तुला नको आहेत, भट्टीवरच्या मुलीला विचार. असो. माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे, आता तो मला नीट दिसतो एवढंच. मी वजन, वजन म्हणत होतो, पण मला दगडाच्या वजनाची फिकीर नव्हती. एखाद्या जागेवर ब्लॉक ठेवायचा हक्क कुणाचा, हे मला विचारायचं होतं. तिथे राहतो त्याचा, की राबतो त्याचा? तुझ्या वाड्यात हा प्रश्न उठलाच नाही, कारण तिथे कुणी राहत नव्हतं. किबेरात उठला नाही, कारण राहणारे आणि बांधणारे एकच होते. तुमच्या पृथ्वीवर मात्र तो प्रत्येक गल्लीत उभा आहे. गिरगावातली एखादी चाळ टोरांटोत बसलेला मुलगा मनापासून, रात्री जागून बांधतो. त्याचे आजोबा तिथले असतीलही. पण तो बांधतो कशावरून?

उत्साही : फोटोंवरून. उपग्रहाच्या चित्रांवरून. आपल्याकडे गूगलचं स्ट्रीट व्ह्यू जुलै २०२२मध्ये दहा शहरांपासून सुरू झालं, त्याआधी तर रस्त्यावरून दिसणारी बाजूही लोकांच्या फोटोंतून जुळवावी लागायची. आता पुढची बाजू मिळते. कठडे, लाकडी खांब, दुकानांच्या पाट्या, खिडकीतला कुंड्यांचा कठडासुद्धा.

साशंक : आणि मागची?

उत्साही : मागची मिळत नाही. गूगलची फोटो काढणारी गाडी मागच्या बोळात जात नाही. संडासांची रांग, पाण्याच्या टाक्या, नंतर वाढवलेल्या खोल्या, दोरीवरचे कपडे, हे सगळं तिकडे असतं, आणि वरून नुसते पत्रे दिसतात. काही जण अंदाजानं भरतात. पुढच्याच खिडक्या मागे डकवतात. लांबून बघणाऱ्याला कळतही नाही. मला ते जमत नाही. आमच्या गटात मी नियम मांडला होता की माहीत नसलेली भिंत पांढरी ठेवायची. साधे पांढरे ब्लॉक, खिडकी नाही, दार नाही. तिथे राहिलेलं कुणी आलं, त्यानं सांगितलं, की मग भरायची.

साशंक : आणि तिथे राहणाऱ्याकडे संगणक नसेल, इंग्रजी नसेल, तुमचा सर्व्हर आहे हेच माहीत नसेल, तर?

उत्साही : तर पांढरीच राहते. एका रस्त्यावर आता अशा मागच्या तेवीस भिंती पांढऱ्या आहेत. समोरून रस्ता पूर्ण दिसतो, बोळात शिरलं की बर्फ पडल्यासारखं वाटतं. गटातले निम्मे म्हणतात, हे अर्धवट आहे, भरून टाका, चुकलं तर नंतर सुधारू. टोरांटोचा मुलगा त्यांच्यात आहे. बाकीचे म्हणतात, आपल्यापैकी कुणीतरी गिरगावात जाऊन मागच्या जिन्यानं वर चढावं आणि विचारावं. परवाच्या मतदानात चार विरुद्ध चार झाले. नववी मी होते, आणि मी अजून मत दिलेलं नाही.

साशंक : मागचा जिना लाकडी असतो. पावसाळ्यात जाऊ नकोस, पायऱ्या निसटतात. जायचंच असेल तर मला आधी सांग.